वांग्याची भावकी

मानीबाईची पाठ गादीखालच्या एकोणचाळीस झाडांमुळं धरली, हे डॉक्टरला सांगायची तिला लाज वाटली. 'धुणं जास्त झालं' असं सांगून ती मलम घेऊन आली आणि घरी येऊन ती ट्यूब नवऱ्यापुढं टेबलावर आदळली. रामलाल राठोड तेव्हा भिंगातून एकदांडीचं फूल पाहत होता. त्यानं ट्यूब जरा बाजूला सारली, कारण तिची सावली फुलावर पडत होती.

"उद्या मी मेली तं मलेही पेपरात गुंडाळून गादीखाली ठेवान तुम्ही," मानीबाई म्हणाली.

"तुले कायले ठेवतो? तुही ओळख पटली हाये," रामलाल म्हणाला. तो हे प्रेमानं बोलला होता. मानीबाईपर्यंत ते तसं पोचलं नाही.

रामलालनं 'वनस्पती ओळख व वर्गीकरण' नावाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम घेतला होता. घरबसल्या. पुस्तकं टपालानं येणार, अभ्यास नेरला आपल्या घरी करायचा, आणि शेवटी वीस फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता यवतमाळच्या अभ्यासकेंद्रात तोंडी परीक्षा द्यायची. सोबत चाळीस झाडं न्यायची. ती दाबून, वाळवून, जाड कागदावर शिवलेली आणि खाली नाव, कुळ, गाव, तारीख लिहिलेली पाहिजेत.

निवृत्त माणसानं या वयात हे कायले करावं, असं कॉलनीनं विचारलंच. रामलालनं कोणालाच उत्तर दिलं नाही. चौतीस वर्षं त्यानं एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली होती. त्यात तीनदा तो विभागीय परीक्षेला बसला आणि तिन्हीदा यादीत त्याच्या नावापुढं 'अनुत्तीर्ण' आलं. ती यादी फलकावर डकवायचं काम आवक-जावकचं होतं. तिन्ही वेळा त्यानं स्वतःच्या हातानं, चारी कोपऱ्यांना नीट गोंद लावून, ती डकवली होती. आता मरायच्या आधी एका कागदावर आपल्या नावापुढं 'उत्तीर्ण' वाचायचं, एवढीच त्याची इच्छा होती. ती मानीबाईला माहीत होती, म्हणून तर झाडं अजून गादीखाली होती. नाहीतर कधीच नालीत गेली असती.

झाडं दाबायला लाकडी दाब लागतो. तो नव्हता म्हणून गादी आली. समोरच्या मथुराबाईनं सल्ला दिला, "भाऊ, पंधरा दिस कायले थांबता? इस्त्री फिरवा ना!" रामलालनं एका कोवळ्या पानावर इस्त्री फिरवली. पान इस्त्रीला चिकटलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर शिरांसकट उमटलं. उमटलं मात्र इतकं झकास, की हा शर्टच कागदावर शिवून टाकावा असं त्याच्या मनात आलं होतं. मानीबाईनं शर्ट हिसकून घेतला.

पुढं नियम क्रमांक अकरा आडवा आला. झाड ज्या जागेतून घेतलं, त्या जागेच्या मालकाचा ना-हरकत दाखला जोडायचा. एकोणचाळीस दाखले त्यानं दारोदार फिरून आणले. चाळिसावं झाड धोतऱ्याचं होतं आणि ते रस्त्याकडेच्या नालीत उगवलं होतं. एका कचेरीत म्हणाले, नाली आमची नाही. दुसऱ्या कचेरीत म्हणाले, नाली आमची हाये, पण तिच्यातली माती आमची नाही. दुसरा कोणी असता तर संतापला असता. रामलालला उलट त्या कारकुनाचं काम पाहून बरं वाटलं. शेवटी त्यानं ते रोप मुळासकट उपटून आपल्या अंगणात बादलीत लावलं, स्वतःला उद्देशून अर्ज केला, त्यावर स्वतःच ना-हरकत दाखला दिला आणि दोन्ही कागद आवक-जावक नोंदवहीत चढवले.

इथपर्यंत सगळं नियमात होतं. बिघडलं ते एका रविवारी, स्वयंपाकघरात.

मानीबाई आलू-वांग्याची भाजी चिरत बसली होती. आपल्या भागात लग्न असो, तेरवी असो की नुसता रविवार असो, आलू-वांगं असतंच. रामलाल धडा पाठ करत होता आणि पाठ करणाऱ्याला ऐकणारा लागतो. त्यानं मथुराबाईच्या परसातून, तिला न विचारता, वांग्याचं आणि मिरचीचं फूल आणलं. कोंब आलेला आलू त्यानं बादलीत लावला होता, त्याचं फूल आणलं. धोतरा घरचाच होता. सगळी फुलं पाटावर मांडून तो म्हणाला, "पाय. पाकळ्या मोज."

मानीबाईनं मोजल्या. "इथं पाच. इथंही पाच. मंग?"

"मंग हे सगळे एका गोताचे! आपण राठोड कसे? ढाणकीच्या राठोडाचं आपण तोंड पाह्यलं नाही, तरी भाऊच ना? तसंच हे. वांगं, आलू, टमाटर, मिरची, सगळी भावकी. अन् हा धोतरा त्यायचा थोरला."

"धोतरा? ज्यानं माणूस येडा होते, तो?"

"तोच."

मानीबाईनं विळीवरचा हात थांबवला आणि परातीतल्या फोडींकडं, भाजीसाठी काढलेल्या गंजाकडं पाहिलं. "एका गोताचे हायेत, अन् आपण पिढ्यान्‌पिढ्या एका गंजात त्यायचं लगन लावून राह्यलो? पाप लागन ना, बाप्पा!"

आता मानीबाईच्या गमतीत एक खोट होती. गंमत करताना तिचा चेहरा हालत नसे. रामलालला बेचाळीस वर्षांनी ते कळायला लागलं होतं, म्हणून तो पोट धरून हसला. पण आपल्या वांग्याचं फूल कोणी तोडलं ते विचारायला मथुराबाई खिडकीशी आली होती. ती हसली नाही. ती फूल न मागताच परत गेली.

संध्याकाळी कॉलनीत बातमी होती, की रामलालभाऊच्या पुस्तकात निघालं, आलू-वांगं एका गंजात शिजवू नये, गोत्र एक हाये. सोमवारी ती पलीकडच्या गल्लीत पोचली तेव्हा वांग्यात धोतऱ्याचं रगत होतं. बुधवारपर्यंत लोकांना आपापल्या दुखण्यांची कारणं सापडली. कोणाचे गुडघे, कोणाचं टक्कल, कोणाच्या पोरीचं जमत नव्हतं ते लग्न. एकाचा पोरगा स्पर्धा परीक्षेत दोन मार्कांनी हुकला होता; पेपरच्या आदल्या दिवशी त्यानं भरलं वांगं खाल्ल्याचं त्याच्या आईला आता आठवलं.

गुरुवारी भाजीवाली चंदाबाई डोक्यावरची भरलेली पाटी घेऊन थेट अंगणात आली.

"साहेब, माह्या वांग्याची काय इज्जत ठेवली तुम्ही? बाया हात लावून नाही राह्यल्या! मले म्हणतात, धोतऱ्याचे भाऊ कायले आणते?"

"चंदाबाई, ते खरं हाये, पण—"

"खरं हाये?" चंदाबाई किंचाळली. फाटकाशी जमलेल्या चौघांनी ते ऐकलं. 'पण'च्या पुढचं ऐकायला कोणी थांबलं नाही.

रामलाल दुखावला. आयुष्यात त्याच्यावर एखादी गोष्ट न कळल्याचा आरोप पुष्कळदा झाला होता. कळल्याचा पहिल्यांदाच होत होता. तोंडी बोलण्यानं घोळ होतो, जे काही असेल ते कागदावर असावं, हा त्याचा चौतीस वर्षांचा अनुभव. त्यानं खुलासा लिहायला घेतला. आता हातच तसा वळलेला, त्याला तो तरी काय करणार! वर 'परिपत्रक' आलं, जावक क्रमांक आला. विषय : वांगी व धोतरा यांच्या परस्पर नात्याबाबत. संदर्भ : वसाहतीतील तोंडी चर्चा. 'उपरोक्त विषयास अनुसरून सर्वसंबंधितांस कळविण्यात येते की, वांगी, आलू, टमाटर, मिरची व धोतरा या वनस्पती एकाच कुळातील असून सदर नाते शास्त्रास मान्य आहे.' प्रत्येक पानाखाली सही आणि तारखेचा शिक्का.

सरकारी कागदातली खरी गोष्ट 'तथापि'च्या पुढं असते. 'तथापि, सदर भाज्या एकत्र शिजवून खाण्यास कोणतीही हरकत नाही' हे त्यानं लिहिलं होतं, ठळक लिहिलं होतं, पण ते पान दोनवर होतं. किराणा दुकानाच्या फळीवर पान एक वर लागलं आणि पान दोन त्याच्या मागं. मथुराबाईच्या जावयानं पान एकचा फोटो काढला. रात्रीपर्यंत तो फोटो जिल्हाभर फिरला आणि सरकारनं आलू-वांग्यावर बंदी घातल्याचं पक्कं झालं.

पंधरा तारखेला मानीबाईचा भाऊ धावजी मोटरसायकल घेऊन आला. हेल्मेट न काढताच त्यानं मोबाइल रामलालच्या नाकापुढं धरला.

"भाऊजी, हे सही तुमची हाये काय?"

"माहीच हाये."

"मंग मेलो मी!" असं म्हणून धावजी ओट्यावर बसला.

धावजीच्या पोरीचं, रंजिताचं, लग्न पाच दिवसांवर आलं होतं, नेर-यवतमाळ रस्त्यालगत त्याच्या बंजारा तांड्यावर. नवरदेव मुकुटबनकडचा. त्याची आजी तुळसाबाई. त्या घरात तिच्या शब्दाशिवाय पान हालत नव्हतं. तिनं फोनवर निरोप दिला होता, की ज्या मांडवात धोतऱ्याच्या भावकीचं जेवण, तिथं आमचा एकही माणूस पंगतीला बसणार नाही.

"दुसरी भाजी कर मंग," रामलाल म्हणाला.

"भाऊजी, आलू-वांगं नसलं तं लोक म्हणतीन धावजीनं पोरगी उपाशी मांडवातून धाडली! अन् त्या कागदाले भेऊन भाजी बदलली, असं झालं तं जलमभर ऐकावं लागन. ते काही नाही. कागद तुमचा, निस्तरा तुम्ही. वीस तारखेले सगळ्यांसमोर पंगतीत पयले बसा, अन् पयला घास तुम्ही खा."

वीस तारीख म्हटल्यावर मानीबाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. तिथं वीसच्या चौकटीत रामलालनं लाल शाईनं 'परीक्षा ११.००' लिहिलं होतं. मग तिनं भावाकडं पाहिलं आणि मग जमिनीकडं. तिच्या न बोलण्यात कोणता शब्द कुठं येतो, हे रामलालला पाठ होतं.

त्यानं वेळ बदलून मिळण्यासाठी अभ्यासकेंद्राला अर्ज केला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : 'अर्ज विहित नमुन्यात नाही. विहित नमुना उपलब्ध नाही.' यात दोष काढायला जागा नव्हती.

मग त्यानं वेळापत्रक आखलं. साडेनऊला पंगत, पावणेदहाला पहिला घास, दहा वाजून दहा मिनिटांनी तांड्याच्या फाट्यावर यवतमाळची एसटी, अकराच्या आत केंद्रावर. वेळापत्रकात चूक एवढीच होती, की ते लग्नाच्या दिवसाचं होतं.

वीस तारखेला रामलाल चाळीस झाडांचा खोका नाड्यानं बांधून, इस्त्रीचा शर्ट घालून नऊ वाजताच मांडवात हजर झाला. आचाऱ्याचे गंज उतरले होते. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरलेल्या भाजीचा वास सगळ्या तांड्यावर पसरला होता. वरात तेवढी नव्हती. धावजीनं आठ वाजताच फोन केला होता. पलीकडून "आलोच, यवतमाळ सोडलं!" असं सांगण्यात आलं, पण मागून अडीच तास लांबच्या वणीच्या एसटी स्टँडवरची घोषणा ऐकू येत होती.

दहा दहाची एसटी गेली. रामलालनं ती जाताना पाहिली. पुढची पावणेअकराची होती. तिनं गेलं तर उशीर होईल, पण परीक्षा संपायच्या आत पोचता येईल. त्यानं रुमालानं मान पुसली.

साडेदहाला गाड्या आल्या. मुकुटबनची मंडळी उतरली, पाणी प्याली आणि पंगतीसाठी पट्ट्या अंथरल्या होत्या त्यांच्या कडेला उभी राहिली. बसली नाही. तुळसाबाई मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि काठी आडवी मांडीवर घेतली. धावजीच्या डोळ्यात पाणी यायचं तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात रंजिता हळदीच्या अंगानंच बाहेर आली आणि आत्याच्या नवऱ्याला म्हणाली, "फुफाजी, तुम्ही जा. गाडी येऊन राह्यली. पेपर नका सोडू. इथं मी खाऊन दाखवते."

"तू नवरी हायेस."

"नवरीले भूक नाही लागत काय?"

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. रामलाल खोका उचलून मांडवाच्या तोंडाशी गेला. तिथून गाडी दिसत होती. एक बाई पोत्यासकट चढत होती, म्हणजे अजून अर्ध्या मिनिटाचा अवकाश होता. चालत गेला असता तरी मिळाली असती. त्यानं मागं वळून पाहिलं. मानीबाई त्याच्याकडं पाहत नव्हती; ती मुद्दाम भलतीकडं, आचाऱ्याच्या चुलीकडं पाहत होती, त्याला मोकळं जाता यावं म्हणून. ते पाहिल्यावर त्याला जाता येईना. गाडी सुटली. रामलाल परत आला, रिकाम्या पट्टीवर एकटा मांडी घालून बसला आणि म्हणाला, "वाढा."

आचाऱ्यानं पत्रावळीवर आलू-वांगं वाढलं. रामलालनं घास उचलला.

"थांब," तुळसाबाई म्हणाली. खुर्चीवरून उठून ती त्याच्या समोर पट्टीवर येऊन बसली. "आधी सांग, मंग खा. तो कागद तूच लिवला काय?"

"मीच लिवला, याडी." तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि तुळसाबाईला सगळेच म्हणत.

"खरा लिवला का खोटा?"

तिच्या मागं उभा राहून धावजी हात जोडत होता, मान हालवत होता, ओठांनी 'खोटा, खोटा' म्हणत होता. एका शब्दात लग्न पार पडलं असतं. पण सहा महिने भिंगाला डोळा लावून मोजलेल्या पाकळ्या होत्या त्या. परीक्षा तर गेलीच होती. निदान उत्तर तरी चुकवू नये असं रामलालला वाटलं.

"खरा हाये. भावकीच हाये ती."

मांडवातून एक हुंकार निघाला. धावजी कांद्याच्या पोत्यावर खाली बसला.

"दाखव," तुळसाबाई म्हणाली.

रामलालनं घास परत ठेवला, हात पुसून खोका सोडला आणि वांगं, आलू, मिरची, धोतरा पुढं मांडले. तुळसाबाईला कमी दिसे. तिनं वाळलेल्या फुलांवरून बोट फिरवत पाकळ्या मोजल्या. पाच, पाच, पाच, पाच. मग एकेक कागद उचलून, नावावर तळहात ठेवून, ती विचारायला लागली, आणि रामलालनं उत्तर दिलं की रंजिताकडून वाचून पडताळून घ्यायला लागली. चाळीसच्या चाळीस झाले. तिचं समाधान झालं नाही. तिनं मांडवाच्या तोरणातला झेंडू तोडला.

"हा कोणाचा?"

"सूर्यफुलाचा भाऊ. अन् याडी, हे एक फूल नाही. उकलून पाय, शंभरेक फुलं एका दांडीवर दाटीनं बसलेली हायेत."

तुळसाबाईनं उकललं, नाकाजवळ धरून पाहिलं. "कापूस?"

"भेंडी, अंबाडी अन् जास्वंद."

"तूर?"

"हरभरा, भुईमूग, अन् बाभूळ."

"बाभूळ?" काठी आपटली. "काट्याचं झाड तुरीच्या भावकीत?"

"काटा नको पाहू, शेंग पाय."

शेंगा तिनं आयुष्यभर दोन्हीकडच्या पाहिल्या होत्या. मग तिनं पत्रावळीकडं बोट केलं.

"तू राठोड ना? राठोडाचं राठोडात लगन लागते काय?"

"नाही लागत."

"राठोड राठोडाच्या पंगतीले बसते काय?"

"बसते."

"अन् एखादा भाऊ इखारी निघाला तं बाकीच्यायले पंगतीतून उठोते काय?"

"नाही उठोत."

"मंग त्या गंजात काय चाललं? लगन का पंगत?"

हे पुस्तकात नव्हतं. रामलालनं उतरून ठेवलेल्या गंजाकडं पाहिलं, आत एकमेकांना टेकून बसलेल्या फोडींकडं पाहिलं.

"पंगत," तो म्हणाला.

तुळसाबाई काठी टेकून उभी राहिली. मुकुटबनच्या मंडळीकडं वळून, मागं उभ्या असलेल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पास हाये माणूस. बसा रे सगळे. वाढा!"

रामलालला एकदम भरून आलं. पुन्हा उचललेला घास पत्रावळीवर पडला, डोळे पुसायला हात कोरडा नव्हता, आणि सहाशे माणसं आपल्याकडं पाहताहेत याची त्याला लाजही वाटेना. मानीबाई चुलीपाशी पदर तोंडाला लावून उभी होती. अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. भाजी दुपारी एकच्या आत संपली आणि आचाऱ्याला पिठलं टाकावं लागलं.

मार्चमध्ये केंद्राचं पत्र आलं. रामलालच्या नावापुढं 'अनुपस्थित' असं होतं. पुन्हा बसायचं असेल तर सोबतचा अर्ज भरावा. त्यानं अर्ज टेबलावर घेतला आणि एकेक रकाना भरत गेला. सातवा रकाना होता : 'यापूर्वी उत्तीर्ण केलेल्या परीक्षा'. चौतीस वर्षांत त्यानं कोणत्याही रकान्यात एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. तो बराच वेळ बसून राहिला. मग त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'वनस्पती वर्गीकरण, तोंडी. दि. २० फेब्रुवारी. परीक्षक : श्रीमती तुळसाबाई, रा. मुकुटबन. निकाल : पास.'

आठ दिवसांत अर्ज परत आला. सातव्या रकान्याशेजारी लाल शाईत शेरा होता : 'परीक्षकाची सही अथवा अंगठा नाही. पूर्तता करून पाठवावा.' निकालाबद्दल कोणाची काही हरकत नव्हती.

रामलालनं शेरा दोनदा वाचला. आक्षेप अगदी रास्त होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शाईचं पॅड पिशवीत टाकलं आणि मुकुटबनला जायला निघाला.